कर्ण्यातले बुवा

आधी क्षमा मागतो. गाण्यावर लिहायचा मला अधिकार नाही. मला राग ओळखता येत नाहीत, टाळी धरताना माझा हात चुकतो आणि माझं मराठी संध्याकाळच्या शाळेतलं आहे. देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत, दिवसभर ऊस तोडून आलेले एक गुरुजी ते शिकवत आणि आम्ही मुलं पेंगत पेंगत ते गिरवत असू. बाकी सगळं शिक्षण इंग्रजी आणि फ्रेंच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं, असा घरी एक समज आहे. गावच्या मराठी मंडळाच्या लोकांनी "तू चार पानं लिही" म्हटलं तेव्हा माझ्याआधी आईच म्हणाली, "लिहील की. कॉलेजात आणखी करतात काय?" आता मागे फिरता येत नाही. जे कानावर पडलं तेवढंच लिहितो. कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव नुव्हेल फ्रांस. भारतापासून दूर एका बेटावर, ऊस तोडायला बोटीने आलेल्या मराठी माणसांनी वसलेलं, उंचावरचं, ओलं. सकाळी धुकं असं उतरतं की ऊस दिसायच्या आधी ऐकू येतो. पानांना पानं घासत असतात आणि मधूनच कुणीतरी खोकतं, म्हणजे तिथे माणूस आहे हे कळतं. लहानपणी मला वाटायचं की जगातल्या सगळ्या गोष्टी आधी आवाज म्हणून येतात आणि मग त्यांना अंग फुटतं. अजूनही कधी कधी तसंच वाटतं.

त्या धुक्यात रविवारी सकाळी आमच्या घरात ग्रामोफोन वाजायचा. कोठीवरच्या, म्हणजे उसाच्या मळ्याच्या आणि कारखान्याच्या मालक साहेबाचं कुटुंब देश सोडून गेलं तेव्हा त्यांचं जुनं सामान कामगारांत वाटलं गेलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला कढई. बांच्या वाट्याला हे यंत्र आलं. बा म्हणजे माझे वडील. ते कोठीच्या उसात राबायचे आणि उरलेल्या वेळात भाजी पिकवून पोर्ट लुई बंदराच्या बाजारात न्यायचे. आईला कढई हवी होती. ते ती आजही बोलून दाखवते.

यंत्र आलं, पण वाजवायचं काय? साहेबाच्या दोन फ्रेंच तबकड्या सोबत होत्या, त्या ऐकून कोंबड्या दूर जायच्या. मग एकदा बाजारात मुंबईहून आलेल्या बोटीवरचा एक खलाशी बांच्या पाटीपाशी थांबला. त्याला हिरव्या मिरच्या हव्या होत्या. बा मराठी बोलतात हे ऐकून तो इतका खूश झाला, की मिरच्यांच्या बदल्यात त्याने पिशवीतून एक तबकडी काढून दिली. गाणं मराठी होतं. कुणाचं, ते तबकडीच्या मधल्या कागदावर लिहिलेलं असणार. पण बांना वाचता येत नव्हतं, मी तर अजून रांगत होतो. पुढे एका वादळात छपराचा पत्रा उडाला, घर भिजलं आणि तो कागद लगदा होऊन गेला. लाल रंगाचा नखाएवढा तुकडा तेवढा चिकटून राहिला.

गाणं मात्र राहिलं. खोल, जड, संथ आवाज होता. एकेक सूर विहिरीतून पोहरा ओढावा तसा वर यायचा. गाण्यातली बाई दाराशी उभी आहे, गेलेल्या माणसाची वाट पाहते आहे, आणि गाणारा आवाज पुरुषाचा. याचं आमच्याकडे कुणालाच नवल वाटलं नाही. आमच्या गणपतीत झाकरी होते. पायात चाळ बांधून पुरुष रिंगण धरतात, मध्ये मृदंग आणि गाणारा बसतो. त्यात गवळणीचं गाणं असलं तर ओठावर मिशा असलेला माणूसच गवळण होऊन गातो. तेव्हा तबकडीतही कुणी मोठे बुवा बाई होऊन गात आहेत, असं गावाने ठरवून टाकलं. त्यांना नाव नव्हतं, म्हणून नुसतं 'बुवा'.

बांनी त्यांना गुरू केलं. गुरुपौर्णिमेला कर्ण्यासमोर नारळ ठेवायचा आणि जास्वंदीचं फूल वाहायचं. तबकडी लावण्याआधी पायांतल्या वहाणा बाहेर. आई त्या दिवशी चहाचा एक कप यंत्राशेजारी ठेवायची. गाणं संपलं की तो मला मिळायचा. गाणं संपायचं तेही एकदम, जसं कुणीतरी दार लावून घ्यावं. सुई खरखरत राहायची. तेव्हा बा डोळे मिटून गाण्याची पहिली ओळ पुन्हा एकदा स्वतःच म्हणायचे आणि मगच सुई उचलायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गाण्याला घरात परत आणून सोडावं रे. असं वाटंवर टाकून कसं जायचं?"

बांनी ते गाणं झाकरीत बसवलं. त्याच जड चालीत, त्याच संथ लयीत. इतर गाण्यांवर रिंगण धावायचं, या गाण्यावर ते पाण्यासारखं हलायचं. शेजारच्या गावांतले लोक नुसतं ते ऐकायला यायचे आणि म्हणायचे, "बुवांचं होऊ दे." बा दिवसभर कुणाशी फारसं बोलत नसत. कोयता, पाटी, बैल, एवढाच त्यांचा संवाद. पण त्या एका गाण्यात गावाला त्यांचा सगळा आवाज ऐकू यायचा.

मी क्युरपिपच्या कॉलेजात जाऊ लागलो (आमच्याकडे मोठ्या शाळेलाही कॉलेजच म्हणतात) आणि मला स्वतःचं वेड लागलं. चिनी बुतिकवाल्याचा, म्हणजे आमच्या वाण्याचा, रेडिओ ऐकायला मी मीठ आणायच्या निमित्ताने जायचो आणि मीठ विसरून यायचो. पोर्ट लुईत भारतातून कुणी गाणारे आले की सिनेमाच्या थिएटरात दुपारचे कार्यक्रम होत. आत जाता आलं नाही तर मी बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचो. उन्हाने भिंत तापलेली असायची आणि तिच्यातून तबल्याचा ठेका पाठीत यायचा. शब्द येत नसत. नुसता एक गुंजारव, जणू थिएटरच्या पोटात कुणीतरी झोपेत बोलतं आहे. घरी येताना बसच्या खिडकीतून समुद्र, मग डोंगर, मग चढ आणि धुकं. मी डोळे मिटून न ऐकलेले शब्द भरत बसायचो.

बाजाराजवळ एक कापडाचं दुकान होतं. मालक मूळचा मुंबईकडचा गुजराती, मराठी चांगलं बोलायचा. त्याला सगळे शेठ म्हणत. कापडाच्या तागांमागे एका फळीवर तो तबकड्या ठेवायचा आणि विजेवर चालणाऱ्या यंत्रावर त्या वाजवून दाखवायचा. मी शनिवारी तिथे जाऊन उभा राहायचो. एकच तबकडी पुन्हा पुन्हा मागायचो.

"मोठ्या कॉलेजवाल्या," शेठ म्हणायचा, "ऐकून ऐकून माझ्या तबकडीच्या रेघा पुसल्यास तू. आता ती मी कुणाला विकू, बहिऱ्याला?"

सुट्टीत चहाच्या मळ्यात पानं खुडून मी माझी पहिली तबकडी घेतली. सिनेमातलं गाणं, एक बाई आणि एक पुरुष गाणारे. आईने वाक्वाच्या, म्हणजे केवड्यासारख्या झाडाच्या, पानांची एक चपटी पिशवी विणून दिली होती. तीत ती घालून, पोटाशी धरून, बसमध्ये उभ्याने घरी आणली. लावली, आणि मी खट्टू झालो. दुकानात हसत गाणारी बाई आमच्या घरी सर्दी झाल्यासारखी गात होती. पुरुष तर आजारीच वाटत होता.

"दुकानात घाई असते," बा शांतपणे म्हणाले. "गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात, भराभरा वाजवतात. घरात कसं, निवांत."

मला हसू आलं. यंत्र हळू फिरतं, हे मला समजलं. पण त्यावरून पुढचं समजायला हवं होतं, ते समजलं नाही. देव्हाऱ्यातल्या मूर्तीचं वय कुणी विचारत नाही, तसं बुवांच्या बाबतीत माझं झालं असावं.

पुढच्या खेपेला मी बांची तबकडीही पिशवीत घातली. वाटलं, शेठच्या चांगल्या यंत्रावर बुवा आणखी चांगले ऐकू येतील, आणि शेठ कदाचित त्यांचं नाव सांगेल. बांनी तबकडी स्वतः फडक्यात गुंडाळून दिली. "त्यांचं नाव कळलं तर विचारून ये," म्हणाले. "इतकी वर्षं नाव न घेता पाया पडतोय."

शेठने सुई टेकवली.

एक मुलगी गात होती. मी ते दुसऱ्या शब्दांत सांगू शकत नाही. पातळ, स्वच्छ, जरा घाईत असलेली, विशीतली असेल. दाराशी उभी असलेली बाई वाट पाहून थकलेली नव्हती. ती आता धावतच निघेल असं वाटत होतं. चाल तीच, शब्द तेच. आमचं यंत्र इतकी वर्षं तिला हळू फिरवून बुवा करत होतं. शेठला आवाज ओळखता आला नाही. त्याने मला नुसतं दाखवून दिलं की ग्रामोफोनच्या फिरत्या ताटाजवळ वेग कमीजास्त करायचा एक स्क्रू असतो. "तुमचा गंजला असेल. खोबरेल सोड त्यावर."

रविवारी मी बांना म्हणालो, "बा, यंत्र दमलंय. तेल घालू?"

"घाल की."

स्क्रू थोडा थोडा सुटला. दुकानात काय ऐकलं ते सांगायला माझी जीभ वळेना, म्हणून म्हटलं, "आता ते जरा वेगळे ऐकू येतील." बांनी वहाणा बाहेर काढल्या, बसले, मान खाली घातली. मी चावी दिली.

पहिल्याच ओळीला आई चुलीपासून उठून आली. हातात उलथनं तसंच. थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग हसत सुटली. "अगो बाय माझे! पोरगी हाय ही! इतकी वर्सं माझ्या घरात एक बाई ऱ्हायली आणि मलाच ठावं नाय! आणि मी मेली बुवांना चहा ठेवतेय!"

बा हसले नाहीत. तबकडी संपली. सुई खरखरत राहिली, आणि त्या दिवशी त्यांनी पहिली ओळ म्हटली नाही.

संध्याकाळी आम्ही भाजीच्या वाफ्यात पाणी घालत होतो, तेव्हा बा एकदम म्हणाले, "केवढी असंल रे ती?"

"तेव्हा असेल विशीची."

"हं." बराच वेळ ते एकाच रोपाला पाणी घालत राहिले. "त्या पोरीचं गाणं मी म्हातारं करून टाकलं. तिला न विचारता. गावासमोर."

त्या वर्षी गणपतीत रिंगण उभं राहिलं, मृदंग लागला, आणि लोक म्हणाले, "बुवांचं होऊ दे." बा म्हणाले, गळा बसलाय. पुढच्या वर्षीही गळा बसलेला होता. त्यांच्या जागी दुसरा माणूस गाऊ लागला. त्याचा आवाज चांगला होता, पण रिंगण धावायचंच, पाण्यासारखं कधी हललं नाही. लोकांनी मग विचारणं सोडलं. बांची तबकडी वाक्वाच्या पिशवीत भिंतीला टेकून उभी राहिली, माझ्या वाढत्या तबकड्यांच्या सगळ्यात मागे. आई एकदा मला हळूच म्हणाली, "मी त्या दिवशी हसायला नको होतं." मग थोड्या वेळाने, "पण तूच सांग, हसू येणारच की नाय?"

मी ठरवलं की त्या बाईला शोधायचं आणि विचारायचं. काय विचारायचं ते नीट कळत नव्हतं. हे गाणं असं म्हटलं तर चालेल का, एवढंच बहुतेक. खरं तर हा प्रश्न बांचा होता आणि त्यांना तो कुणाला विचारता येत नव्हता. मी कार्यक्रमांना जायचो ते आता दोन कानांनी. एक कान गाण्यासाठी आणि दुसरा तिच्यासाठी. कुणी गायिका आलाप घेऊ लागली की वाटायचं, हीच असेल का, आता वय झालेली? तेर रूज गावी एका लग्नात लाउडस्पीकरवर ती गाते आहे असं वाटून मी उसाच्या वाटेने धावत गेलो होतो. ती नव्हती. रेडिओवरचे सगळे आवाज मला तिच्या बहिणींसारखे वाटू लागले.

मग एकदा भारतातून एक नाटक कंपनीसारखा ताफा आला. रविवारची दुपार होती. या वेळी मी आत होतो, सगळ्यात वरच्या बाकावर, छताच्या पंख्याजवळ. तंबोरे जुळले तेव्हा मला आमचा ऊसच ऐकू आला, सकाळचा, न दिसणारा. कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. पेटीवाले बाहेर येऊन टॉवेलने मान पुसत होते, वय झालेले, हातात लिंबूसोड्याची बाटली.

"काय रे बाळ, कुठला तू?"

"नुव्हेल फ्रांसचा."

"फ्रांसचा? आणि मराठी बोलतोस?"

"इथलंच गाव आहे ते," मी म्हटलं. मग घाईघाईने सगळं सांगू लागलो आणि काहीच नीट सांगता आलं नाही. शेवटी ते म्हणाले, "गाणं म्हणून दाखव, म्हणजे कळेल."  मी कधीच कुणासमोर गायलो नव्हतो. दुकानात ऐकलेल्या वेगाने सुरुवात करायचा प्रयत्न केला, पण तो माझ्या गळ्यातच नव्हता. जे निघालं ते बांचंच निघालं, जड आणि संथ.

पेटीवाल्यांनी बाटली खाली ठेवली. "ही रेकॉर्ड मला माहीत आहे. पण तू असं का म्हणतोस?"

"आमच्या घरी असंच आहे."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "बाई आहेत अजून. पुण्यात, नदीकाठच्या देवळामागे राहतात. गाणं कधीच सोडलं. लग्न झालं, सुटलं." त्यांनी नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. बाईंनीच आपलं नाव मागे ठेवलं असेल तर मी कोण ते पुढे आणणारा.

घरी येऊन बांना नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा हलक्या आवाजात उच्चारलं.

शेठ दर दोन-चार वर्षांनी बोटीने देशी जायचा. मी त्याला गाठलं, सगळं सांगितलं आणि गाणं बांसारखं म्हणूनही दाखवलं.

"मी सुती कापडाचा व्यापारी," तो म्हणाला. "गाण्याचा निरोप्या कधीपासून झालो? आणि पुणं काय माझ्या वाटेत आहे?" पण त्याने देऊळ कुठलं ते दोनदा विचारून घेतलं.

तो गेला. मी मोका गावाजवळच्या शेतकी कॉलेजात दाखल झालो. तिथे माती शिकवतात, तिच्यातलं पाणी, तिच्यातला चुना. मास्तर फळ्यावर लिहीत असताना माझं मन त्या बोटीबरोबर असायचं. निळं पाणी, त्यावर निळं पाणी, आणि कुठेतरी पलीकडे एक देऊळ, त्यामागे एक दार, त्या दारात एक बाई. ती कशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून तिला मी दोन आवाज दिले होते, एक धावणारा आणि एक थांबलेला. बाकी काही बदललं नाही. पाऊस पडला, ऊस तुरा धरून उभा राहिला, कोठीच्या भट्टीचा गोड धूर गावावर आला आणि गेला.

गणपती जवळ आले तेव्हा मखराचं कापड घ्यायला बा आणि मी पोर्ट लुईला गेलो. शेठ दुकानात होता. पुष्कळ काळा पडला होता. त्याने मला पाहिलं, मग बांना.

"हेच का ते?" त्याने विचारलं, आणि बांना स्टूल दिलं. बा बसले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"भेटलो मी बाईंना," शेठ म्हणाला. "ओसरीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, समुद्रापलीकडे एक शेतकरी तुमचं गाणं गातो, पण यंत्र बिघडलेलं होतं म्हणून फार हळू शिकला. आता तो घाबरलाय आणि गातच नाही. त्यांनी विचारलं, किती हळू? आता मला कापडवाल्याला काय गाता येतं? पण या पोराने म्हटलं होतं ते आठवून कसंतरी म्हणून दाखवलं. हसू नका. तर बाईंच्या हातातले वाटाणे तसेच राहिले."

बा टोपीची कड बोटांनी फिरवत होते.

"म्हणाल्या, मी ते असंच गात असे. घरी, देवळात. असंच. रेकॉर्ड करायला बसवलं तेव्हा रेकॉर्ड कंपनीचा साहेब म्हणाला, एवढं तबकडीत मावणार नाही, पळवा. मी पळवलं. ते बाहेर आलं आणि लोक मला तसंच म्हणायला सांगू लागले. माझं राहिलंच. मग मी बाईंना म्हटलं, आता पुन्हा गा की तुम्ही. तर हसल्या आणि म्हणाल्या, तिकडे गातायत ना, मग झालं."

दुकानात एक गिऱ्हाईक आलं, तागे पाहून गेलं. बांनी विचारलं, "रागवल्या नायत?"

"रागवल्या? अहो, मला चहा दिला, दोनदा. आणि निघताना दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, त्या माणसाला एवढं सांगा, की रेकॉर्डवर जागा उरली नव्हती म्हणून गाणं मधेच तुटलंय. शेवटची ओळ झाली की पहिल्या ओळीवर परत यायचं असतं."